आपत्तीनंतरची मदत : किती आणि केव्हा?

नैसर्गिक आपत्तीत पीक हातचे गेल्यावर शेतकऱ्याला शासनाकडून किती रक्कम मिळणार, याची चर्चा नेहमीच होते. ती केव्हा मिळणार, हा प्रश्न मात्र मागे पडतो. या दृष्टीने अमेरिकेतील ग्रामीण कौंटीचे, म्हणजे स्थूलमानाने आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय घटकाचे, उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

घोषणा आणि कर्ज

कौंटीतील किमान एका पिकाच्या उत्पादनात ३० टक्के घट झाल्यास अमेरिकेचे कृषिमंत्री ती कौंटी आपद्ग्रस्त म्हणून घोषित करू शकतात. अवर्षणाच्या बाबतीत २०१२ मध्ये ही प्रक्रिया सुलभ करण्यात आली. अवर्षणाच्या साप्ताहिक नकाशात कौंटी सलग ८ आठवडे ‘तीव्र’ श्रेणीत राहिली, की घोषणा जवळजवळ आपोआप होते.

परंतु घोषणा म्हणजे अनुदान नव्हे. तिच्यामुळे कृषी विभागाच्या फार्म सर्व्हिस एजन्सीकडून आपत्कालीन कर्ज घेण्याचा मार्ग खुला होतो. या कर्जाची कमाल मर्यादा ५ लाख डॉलर असून, ज्याला अन्यत्र पतपुरवठा मिळू शकत नाही अशाच शेतकऱ्याला ते दिले जाते. कर्ज अर्थातच फेडावे लागते.

अनुदान आणि विलंब

परत न करावयाच्या मदतीसाठी स्वतंत्र कायदेशीर तरतूद लागते. चराऊ कुरणे करपल्यास पशुपालकांना चाऱ्याच्या खर्चापोटी साहाय्य देणारी योजना २००८ च्या कृषी कायद्याने सुरू झाली. तिची मुदत ३० सप्टेंबर २०११ रोजी संपली आणि पुढच्याच वर्षी भीषण अवर्षण पडले. देशातील निम्म्याहून अधिक कौंट्या आपद्ग्रस्त घोषित झाल्या. पण चाऱ्यासाठी द्यावयाच्या मदतीला कायद्याचा आधारच उरला नव्हता. फेब्रुवारी २०१४ मधील कायद्याने ही योजना पूर्वलक्षी प्रभावाने व कायमस्वरूपी लागू केली आणि १५ एप्रिल २०१४ पासून अर्ज स्वीकारले जाऊ लागले. मधल्या काळात अनेकांनी चाऱ्याअभावी गुरे विकली होती. १ जानेवारी २०१४ रोजी देशातील गुरांची संख्या १९५१ नंतरच्या नीचांकावर होती. मागाहून आलेल्या रकमेने खर्चाची भरपाई झाली. विकलेली गाय मात्र गोठ्यात परतली नाही.

आपल्यासाठी बोध

संकटापूर्वीच निश्चित केलेला नियम हा मदतीच्या रकमेइतकाच मोलाचा असतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. भारतात आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळणाऱ्या कृषी निविष्ठा अनुदानासाठी पीकहानीची किमान अट २०१५ मध्ये ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणण्यात आली. हे अनुदान पुन्हा पेरणीसाठी दिलेला हात आहे. ती संपूर्ण नुकसानभरपाई नव्हे. पीकविमा ही त्याहून वेगळी व्यवस्था असून, गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीत ७२ तासांच्या आत नुकसानीची सूचना देणे आवश्यक असते.

नियम आणि निधी दोन्ही सिद्ध असले, तरी बंद पडलेले खाते, नावातील तफावत किंवा न जोडलेला आधार क्रमांक यांमुळे रक्कम वाटेतच अडकू शकते. ग्राहकाने ही पूर्तता पेरणीपूर्वीच करून घ्यावी आणि शाखेनेही ती तत्परतेने करून द्यावी. पेरणीचा हंगाम उलटून गेल्यावर जमा झालेल्या रकमेतून बियाणे घेता येते, वाफसा मात्र विकत घेता येत नाही.