बूट आजच्या पायाचा हवा

मागच्या हिवाळ्यात नऊ वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्या दवाखान्यात आली. उजव्या पायाच्या आतल्या घोट्यावर सुपारीएवढी मऊ सूज होती आणि वरची कातडी लालभडक झाली होती. मी बूट मागितले. आईने पिशवीतून फिगर स्केटिंगचे पांढरे बूट काढले आणि पुढच्या टोकातून मोज्याचा बोळा ओढून बाहेर काढला. म्हणाल्या, "दोन नंबर मोठे घेतलेत डॉक्टर. पाय वाढतोय ना तिचा, पुढच्या हिवाळ्यालाही होतील."

शाळेचा गणवेश, स्वेटर, पावसाळी चपला, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची आपल्या घरांची रीत आहे. मीही तशाच घरात वाढले, त्यामुळे त्या बाईंचं मला काहीच चुकीचं वाटलं नाही. पण टोरांटोच्या परिसरातल्या मराठी घरांतून आता इतकी मुलं रिंकवर जाताना दिसतात की हे एकदा नीट लिहायलाच हवं. स्केटिंगचा बूट वाढत्या मापाचा घेतला तर पैसे वाचत नाहीत आणि पाय मात्र दुखावतो.

बुटाखालचं पातं जेमतेम 4 मिलिमीटर रुंद असतं. एवढ्याशा पोलादावर अख्ख्या शरीराचा तोल सांभाळायचा, तर पाय आणि बूट एकजीव हवेत. बूट सैल असला की टाच आत वरखाली होते आणि घोट्याचं हाड चामड्यावर घासत राहतं. त्या घर्षणापासून हाडाला वाचवायला शरीर तिथे पाण्याची छोटी पिशवी तयार करतं. मुलीच्या घोट्यावरची सुपारी म्हणजे तीच. सैलपणा घालवायला मूल लेस करकचून आवळतं, मग घोट्याच्या वळणावरून पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या कंडरा दाबल्या जाऊन सुजतात. नवी चप्पल चावते ना, तशी इथे लेस चावते.

कॅनस्केट या इथल्या प्राथमिक शिकवणीचे सहा टप्पे संपत आले, एका पायावर घसरणं, उलटं जाणं, दोन्ही पायांवरची गिरकी जमायला लागली की कोच सांगतात, आता स्वतःचे चांगले बूट घ्या. रिंकवरचे भाड्याचे बूट शेकडो पायांनी मऊ केलेले असतात. तेव्हा सल्ला योग्यच आहे. गडबड होते ती दुकानात.

दुकानात दुपारनंतर जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. बर्फावर जो पातळ मोजा किंवा टाइट्स घालणार, तेच घालून जा. रोजच्या बुटाचा नंबर सांगून स्केट मागू नका. स्केटचं माप बहुधा त्यापेक्षा अर्ध्या ते दीड नंबराने लहान येतं आणि प्रत्येक कंपनीचा हिशोब निराळा असतो. मुलाला कागदावर उभं करून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढा. बसून नको, कारण वजन पडल्यावरच पाऊल खरं पसरतं. लांबी मोजा आणि चवड्यापाशी रुंदीही मोजा. मग बुटातला आतला सोल बाहेर काढून त्यावर पाय ठेवा. करंगळी किंवा अंगठ्याची बाजू सोलाबाहेर लोंबत असेल तर तो बूट अरुंद आहे, विक्रेता काहीही म्हणो. लेस न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवली की टाचेमागे जेमतेम एक पेन्सिल जाईल एवढीच जागा हवी. लेस बांधून सरळ उभं राहिल्यावर बोटांनी टोक अलगद शिवावं आणि गुडघे वाकवले की ती मागे सरकावीत. वाढत्या मुलासाठी सवलत म्हणाल तर फार तर अर्ध्या नंबराची. आणि दर दोन-तीन महिन्यांनी हीच पेन्सिल पुन्हा लावून बघायची.

रुंदीवर माझा विशेष भर आहे. भारतात उघड्या पायांनी आणि चपलांत वाढलेल्या माणसाचा चवडा मोकळा पसरलेला असतो, टाच मात्र तशीच अरुंद राहते. चाळिशीत स्केटिंग शिकायला लागलेल्या आपल्या लोकांना म्हणूनच बूट मिळता मिळत नाही. चवडा मावावा म्हणून ते मोठा नंबर घेतात आणि टाच सुटते. अशांनी लांबी तीच ठेवून जास्त रुंदीचा बूट मागवावा. वॉटर्लूच्या जॅक्सनपासून मिनेसोटाच्या रीडेलपर्यंत बऱ्याच कंपन्या एकाच लांबीत वेगवेगळ्या रुंदी देतात. दुकानात समोर नसेल तर थांबा. दोन-तीन आठवडे उशीर झाल्याने काही बिघडत नाही.

दुसरी चूक मला पहिलीपेक्षा जास्त काळजीची वाटते, कारण ती पालक प्रेमापोटी करतात. पुढे उड्या मारायच्याच आहेत तर आत्ताच भारी बूट घेऊन टाकू, असा विचार असतो. महाग बूट म्हणजे बहुतेक वेळा जास्त कडक बूट, दुहेरी आणि तिहेरी उड्यांचा मार सोसायला बनवलेला. 28 किलोच्या मुलीच्या पायात तो घोट्याशी वाकतच नाही. घोटा वाकला नाही की गुडघा वाकत नाही. मग मूल कंबरेतून पुढे झुकतं आणि उडीनंतर ताठ पायावर उतरतं. तो धक्का गुडघ्यावर आणि पाठीच्या मणक्यांवर जातो. शिवाय घोट्याभोवतीच्या स्नायूंना कामच उरत नाही, ते अशक्त राहतात. याउलट 80 किलोचा प्रौढ नवशिका एकेरी उडीसुद्धा मारत नसला तरी त्याला लहान मुलापेक्षा कडक बूट लागतो, नाहीतर बूट काही महिन्यांत घोट्याशी मोडून आत कलतो. म्हणून विक्रेत्याला दोन गोष्टी सांगा: वजन किती आणि आज काय काय येतं. पुढच्या वर्षी काय शिकणार, हे सांगू नका.

आता पात्याकडे. या पातळीवर बूट आणि पातं एकत्रच मिळतं आणि ते पुरेसं असतं. पात्याच्या तळाला लांबीभर खोलगट खाच असते, साधारण अर्धा इंच त्रिज्येच्या गोलाईची. त्या खाचेमुळे दोन कडा तयार होतात, आतली आणि बाहेरची, आणि स्केटर चालतो तो या कडांवर. पातं पुढून मागेही किंचित गोल असतं, 7 किंवा 8 फूट त्रिज्येच्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा असावा तसं. गिरकी त्याच्या पुढच्या भागावर घेतली जाते, पुढच्या दातांच्या जरा मागे. ते दात बर्फात अडकतात म्हणून कुणी कापून द्यायला निघालं तर देऊ नका. बहुतेक नवी पाती धार न लावलेली येतात, तेव्हा पहिली धार फिगर स्केटची सवय असलेल्या माणसाकडूनच लावून घ्या. हॉकीचेच स्केट हाताळणारा माणूस नकळत दात घासून टाकू शकतो. धार आहे का हे बघायला नखाची पाठ कडेवरून अलगद आडवी ओढा. नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे.

पातं बसवताना सगळे स्क्रू पहिल्याच दिवशी पक्के करायचे नसतात. लांबट भोकांतले तात्पुरते स्क्रू ठेवून काही दिवस बर्फावर जाऊन बघायचं. मूल सरळ घसरताना सारखं आतल्या कडेवर पडत असेल तर पातं किंचित आत सरकवतात. हे सरकवणं एक-दोन मिलिमीटरचं असतं, पण त्याने पडणारा घोटा उभा राहिलेला मी पाहिला आहे. सपाट तळव्याच्या मुलांना आधी सोलचा आधार द्यावा, मग पात्याला हात लावावा.

नवा बूट दुकानात गरम करून पायावर बसवून घेता येतो. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नका. पहिल्या आठवड्यात गार्ड लावून रोज 15-20 मिनिटं घरात घाला, वरचे एक-दोन हुक मोकळे ठेवा. लेस बोटांपाशी सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट आणि वर पुन्हा थोडी सैल, मागून एक बोट जाईल अशी. बूट काढल्यावर दिसणारा लाल वळ अर्ध्या तासात गेला तर चिंता नाही. तसाच राहिला, तर त्या जागी बूट आतून ताणून फुगवटा काढून घ्या. तावातावाने नवे बूट घ्यायला धावू नका. त्या मुलीच्या बाबतीत मात्र नवे बूट घ्यावेच लागले, दीड नंबराने लहान. घोट्यावर सिलिकॉनची पट्टी लावली आणि महिनाभरात सुपारी ओसरली.

काही दुखणी बुटावर ढकलू नयेत. आठ ते चौदा वर्षांच्या मुलाची टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल तर बहुधा ते वाढीच्या पट्टीचं दुखणं असतं. सराव कमी करून, पोटरीचे ताण देऊन ते बरं होतं. हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येते, रात्री ठणका लागतो, मूल लंगडतंय, असं असेल तर त्याच दिवशी स्केटिंग थांबवा आणि तपासून घ्या, हाडाला बारीक चीर असू शकते. मधुमेह असलेल्या मोठ्यांनी तर प्रत्येक वेळी बूट काढल्यावर तळपाय आरशात बघायलाच हवा. संवेदना कमी झालेल्या पायाला फोड कळत नाही आणि घट्ट बुटातला फोड चिघळायला वेळ लागत नाही.

तपासणीला याल तेव्हा बूट बरोबर आणा. आतला सोल बदलू नका, लेस धुऊ नका. सोलवर पाच बोटांचे आणि टाचेचे काळे ठसे उमटलेले असतात. आतली बाजू जास्त झिजली आहे की बाहेरची, हे त्यावर दिसतं आणि मला एक्स-रेच्या आधी तेच बघायचं असतं.