वाचनालयाचा अहवाल आणि लिब्रेऑफिस

छोट्या संस्थेत सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी पैसे मागितले की कार्यकारिणीत हमखास प्रश्न येतो, "त्यात किती पुस्तकं येतील?" प्रश्न रास्तच असतो. आमच्या वाचनालयातही तो आला आणि आम्ही लिब्रेऑफिसकडे वळलो. आता वार्षिक अहवाल, सभेची इतिवृत्तं, नोटिसा, सर्वसाधारण सभेच्या स्लाइड्स सगळं त्यातच होतं, आणि नीट होतं. मात्र ही घडी बसेपर्यंत जी ओढाताण झाली, ती दुसऱ्या मंडळांची, शाळांची, पतसंस्थांची होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट, सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं. लिब्रेऑफिस हे जर्मनीतल्या 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली तयार होतं आणि तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतं. तिथे देणगीचं आवाहन दिसतं, ते ऐच्छिक आहे. लायसन्सचा क्रमांक विचारणारं पान समोर आलं, तर आपण भलत्याच दारात उभे आहोत असं समजावं. नावातही गल्लत होते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ साली स्टारऑफिस विकत घेतलं आणि २००० साली त्याचा सोर्स कोड ओपनऑफिस या नावाने खुला केला. २०१० साली सन कंपनी ओरॅकलकडे गेली आणि त्याच वर्षी ओपनऑफिसवर काम करणाऱ्या अनेकांनी वेगळी चूल मांडली, ते लिब्रेऑफिस. ओपनऑफिस अजून मिळतं, पण सुधारणांचा ओघ लिब्रेऑफिसकडे आहे. जुनं नाव डोक्यात असेल तर ते बदला.

आमची खरी कसोटी जुन्या अहवालांनी पाहिली. फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. "फुकटचं आहे, असंच चालणार," असा शेरा एका ज्येष्ठ सभासदांनी तिथल्या तिथे मारला. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. ते अहवाल युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टात टंकलेले होते. कृतिदेवचं उदाहरण घ्या. डोळ्यांना 'का' दिसतो, पण फाइलीत साठवलेली असतात 'डी' आणि 'के' ही इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवतो. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तिथे मुखवटा गळून पडतो, मग सॉफ्टवेअर महागडं असो की विनामूल्य. अशा फाइलीत शोध लागत नाही आणि नावांची अकारविल्हे यादीही होत नाही.

यावर उपाय मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या युनिकोडमध्ये रूपांतर करणं हाच. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण त्यांच्या भरवशावर अहवाल सोडू नका. या फॉन्टांत ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी टंकलेला असतो, रफार अक्षराच्या नंतर असतो. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा आहे. त्यामुळे परिवर्तक अडखळतो तो नेमका इथेच, आणि जोडाक्षरांत. देणगीदारांच्या यादीत 'कर्वे', 'मिर्जी', 'कीर्तने' अशी आडनावं असतील तर ती एकेक करून डोळ्यांखालून घाला. नावातला रफार घसरला तर देणगीदार रुसतो. आकड्यांचे तक्ते मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा.

नवीन मजकूर टंकताना वेगळीच गंमत होते. लिब्रेऑफिस इंग्रजीसाठी एक फॉन्ट आणि देवनागरीसाठी दुसरा, असे दोन स्वतंत्र हिशेब ठेवतं. मराठी ओळ निवडून तिला आवडता फॉन्ट आणि १४चा आकार दिला, मग त्याच परिच्छेदात एखाद्या इंग्रजी पुस्तकाचं नाव टंकलं, की ते नाव बारीक आणि भलत्याच वळणाचं उमटतं. आमच्या ग्रंथखरेदीच्या यादीत हे पानोपानी झालं. ओळ निवडून ठिगळं लावत बसू नये. एफ-११ दाबलं की स्टाइल्सची खिडकी उघडते. तिथे मूळ परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये दोन्ही लिप्यांचे फॉन्ट आणि आकार एकदाच ठरवावेत. दोन रकाने दिसत नसतील, तर टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या विभागात जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करावं आणि तिथेच भाषा मराठी निवडावी. हिंदी राहिली, तर मराठीचा शुद्धलेखन तपासनीस असूनही पानभर लाल नागमोडी रेषा दिसतील. काही फॉन्टांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दडलेले असतात. भाषा मराठी ठेवली की ते आपसूक बाहेर येतात.

स्टाइल्सची सवय लागली की आणखी एक फायदा होतो. शीर्षकं हेडिंग स्टाइलने दिली, तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते. नवं पान सुरू करायला एंटर दाबत खाली सरकणाऱ्यांची फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की कोलमडते. त्याऐवजी कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबून पान तोडावं.

स्लाइड्सच्या बाबतीत एक सभा अजून लक्षात आहे. लिब्रेऑफिसच्या इम्प्रेसमध्ये केलेल्या स्लाइड्स पीपीटीएक्स करून नेल्या होत्या. सभागृहातल्या लॅपटॉपवर आमचा देवनागरी फॉन्ट नव्हता. त्याने स्वतःच्या पसंतीचा फॉन्ट घातला, अक्षरं रुंदावली आणि जमाखर्चाच्या स्लाइडवरची शेवटची ओळ पडद्याखाली गेली. ती ओळ होती शिल्लक रकमेची! सभासदांनी काय काय तर्क केले असतील ते सांगायला नको. तेव्हापासून स्लाइड्सची पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर असतेच. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसलेले असतात, त्यामुळे जे घरी दिसलं तेच सभेत दिसतं. अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ मात्र त्यात चालत नाहीत. ते हवेच असतील तर स्वतःचा लॅपटॉप न्यावा, किंवा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट एम्बेड करण्याचा पर्याय निवडून इम्प्रेसची मूळ ओडीपी फाइल लिब्रेऑफिस असलेल्या संगणकावर उघडावी. सभागृहाचा प्रोजेक्टर रुंद पडद्याचा आहे की जुन्या चौकोनी मापाचा, हेही आधी विचारून घ्यावं.

बाहेरच्यांशी देवाणघेवाण करताना एक नियम पाळावा. मूळ फाइल कायम लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या ओडीटी नमुन्यात ठेवायची, डॉकएक्सची प्रत फक्त पाठवण्यापुरती काढायची. हिशेबतपासनिसांकडे तीच डॉकएक्स फाइल वारंवार गेली आणि परत आली, की तक्त्यांच्या कडा सरकतात, छायाचित्रं पानभर भटकतात. छायाचित्राचा अँकर 'अ‍ॅज कॅरॅक्टर' ठेवला तर ते ओळीला धरून राहतं. ज्याला नुसतं वाचायचं आहे, त्याला पीडीएफच द्यावी. लिब्रेऑफिसमधून पीडीएफ काढताना 'हायब्रिड' पर्याय निवडला, तर मूळ फाइल पीडीएफच्या पोटातच राहते. वाचणारा वाचतो आणि लिब्रेऑफिस असलेला माणूस तीच फाइल उघडून दुरुस्तीही करतो. एक्सेलचे मॅक्रो मात्र जसेच्या तसे चालतील या भ्रमात राहू नये. संस्थेचे हिशेब त्यांच्यावर उभे असतील, तर आधी प्रतीवर चालवून बघावं.

ओडीटीचा हा आग्रह वाचनालयाच्या माणसाला सहज पटावा. ओडीटी ज्यात मोडते तो ओडीएफ हा फाइलींचा खुला नमुना २००६ साली आयएसओचं मानक झाला. त्याची रचना जाहीर आहे, ती कुणा एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. खात्री करायची तर ओडीटी फाइलीची प्रत काढा, नावातलं 'ओडीटी' खोडून 'झिप' लिहा आणि उघडा. आत 'कंटेंट' नावाची एक्सएमएल फाइल असते आणि साध्या नोटपॅडमध्येसुद्धा तिच्यात आपला मराठी मजकूर खुणांच्या गर्दीत का होईना, वाचता येतो. उद्या लिब्रेऑफिसही उरलं नाही, तरी अहवाल हाती लागेल. दस्तऐवज पिढ्यान्‌पिढ्या जपायचा, तर एवढी हमी हवीच.

कार्यकारिणी बदलते, तेव्हा नव्या मंडळींच्या हाती दर वर्षाच्या फोल्डरमध्ये चार गोष्टी असाव्यात: मूळ ओडीटी, तक्त्यांच्या ओडीएस आणि स्लाइड्सच्या ओडीपी फाइली, त्यांच्या पीडीएफ, वापरलेले मुक्त परवान्याचे फॉन्ट आणि कोणती स्टाइल कशासाठी आहे याची अर्ध्या पानाची टीप. लायसन्सचे वाचलेले पैसे पुस्तकांना द्या, पण त्यातून या फोल्डरांच्या प्रतीसाठी एक बाह्य हार्डडिस्क आधी घ्या आणि ती वाचनालयाच्या इमारतीबाहेर ठेवा.