चहा प्यावा, पण जेवणावर नको



पहाटे धार काढून झाली की चहा, खुरपणीच्या बाया बांधावर आल्या की चहा, पाहुणा ओट्यावर टेकला की चहा. ज्या घरात दोन वेळच्या भाजीची ओढाताण असते त्या घरातही चहा-साखरेची पुडी सहसा संपू दिली जात नाही. असे असूनही चहाविषयी दोन टोकांची मते ऐकावयास मिळतात. काही मंडळी चहाला विष ठरवून मोकळी होतात, तर काही जाहिराती चहा म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण उपाय असल्याचे सांगतात. यातील खरे किती, आणि शेतकरी कुटुंबाने, विशेषतः घरातील स्त्रियांनी, चहा केव्हा व कसा घ्यावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

पीकशास्त्र शिकविणाऱ्याने चहावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे कारण बाजरी हे आहे.

दोन वर्षांपूर्वी खरिपात ‘धनशक्ती’ या बाजरीच्या वाणाचे प्रात्यक्षिक पाहण्यासाठी एका गावी जाणे झाले. प्लॉट उत्तम होता, कणसे भरलेली होती. धनशक्ती हा वाण इक्रिसॅट व राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्यातून तयार झाला आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. सर्वसाधारण वाणांच्या किलोभर धान्यात ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असते, तर या वाणात ते सुमारे ७१ मिलिग्रॅम आहे. शिवाय हा संकरित नसून सुधारित वाण असल्याने घरचे बियाणे ठेवता येते. ही सर्व माहिती मी मोठ्या उत्साहाने सांगितली. दुपारी त्याच बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा असे जेवण झाले. ताट उचलताच वहिनींनी सर्वांसमोर चहाचे कप ठेवले व स्वतःही चूल पुढे ओढून कप घेतला. “सर, जेवणावर चहा घेतल्याबिगर जेवल्यासारखं वाटतच नाही,” त्या म्हणाल्या. बोलता बोलता समजले की आशाताईंनी केलेल्या तपासणीत त्यांचे हिमोग्लोबिन साडेआठ भरले होते. रक्तवाढीची गोळी चालू होती, पण पाण्याबरोबर घेतली की मळमळते म्हणून ती त्या चहाबरोबर घेत होत्या!

वाण तयार करण्यात शास्त्रज्ञांची अनेक वर्षे गेली, शेतकऱ्याने तो कष्टाने पिकविला, शासनाने गोळी घरपोच दिली, आणि या सर्वांचा बराचसा भाग एका कपात विरघळून गेला. त्या दिवसापासून माझ्या भाषणात बाजरीबरोबर चहा आला.

चहाचे पीक व चहातील घटक

चहा हे कॅमेलिया सायनेन्सिस या सदाहरित झुडपाचे पान होय. वारंवार छाटणी करून झुडूप कमरेइतके ठेवतात आणि शेंड्याची दोन पाने व एक कळी खुडतात. या पिकास ४.५ ते ५.५ सामू असलेली आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन आणि वर्षभर विखुरलेला भरपूर पाऊस लागतो. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू बहुधा साडेसातच्या पुढे असतो, म्हणून आसाम, दार्जिलिंग व निलगिरीचे हे पीक आपल्याकडे रुजले नाही. (दरवर्षी एखादा तरी हौशी शेतकरी चहाची रोपे कोठे मिळतील, अशी विचारणा करतो. त्याने आधी माती परीक्षण करून घ्यावे.)

हिरवा चहा व नेहमीचा चहा एकाच झाडाचा असतो. खुडलेले पान लगेच वाफेवर किंवा कढईत गरम केले तर ते हिरवेच राहते. ते सुकवून, चुरडून हवेत पसरले तर वांग्याची फोड काळी पडते तशी क्रिया होऊन पान तांबूस-काळे होते. आपल्याकडील दाणेदार चहा हा यंत्रात चुरडून, फाडून व वळवून तयार केलेला सी.टी.सी. प्रकारचा असतो. तो थोड्या पुडीत दाट रंग देतो, म्हणून दूध घालून उकळण्यास सोयीचा पडतो.

चहातील महत्त्वाचे घटक दोन. पहिला कॅफिन. १५० मिलिलिटरच्या एका कपात ते साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. त्यामुळे सुस्ती जाऊन तरतरी येते व लक्ष लागते. चहामध्ये थिॲनिन नावाचे एक अमिनो आम्लही असते. कॉफीपेक्षा चहाची तरतरी सौम्य वाटते, त्याचे श्रेय काही अंशी या आम्लास दिले जाते. दुसरा घटक म्हणजे पॉलिफेनॉल गटातील तुरट द्रव्ये, ज्यांना आपण ढोबळमानाने टॅनिन म्हणतो. चहाचे बहुतेक फायदे याच द्रव्यांमुळे आहेत आणि त्याचा मुख्य तोटाही त्यांच्यामुळेच आहे.

चहाचे फायदे

फायदे नाकारण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये ४० ते ६९ वयोगटातील सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दररोज दोन किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, चहा न पिणाऱ्यांच्या तुलनेत, ९ ते १३ टक्के कमी आढळून आला. तेथे बहुतांश लोक आपल्यासारखाच काळा चहा पितात आणि दूध घालणाऱ्यांतही हा फरक दिसला. अर्थात ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. चहा पिणाऱ्यांच्या इतर सवयींचा त्यात किती वाटा आहे ते पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. तरीही बेताने घेतलेला चहा निरोगी माणसास अपायकारक नाही, उलट हृदयास काहीसा हितकारक असावा, असे म्हणता येते. आणखी एक साधा फायदा सहसा कोणी सांगत नाही. चहासाठी पाणी उकळले जाते. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले असता शिवारातील मजुराच्या पोटात जाणारे उकळलेले पाणी अनेकदा चहाचेच असते.

लोह व चहा यांचे वैर

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आवळा लोखंडी विळीवर चिरला की विळी व आवळा दोन्ही काळे पडतात. पूर्वी हिरडा आणि लोखंडाचा कीस यापासून शाई करीत. बाभळीच्या सालीत कातडे कमावतात ते याच तुरट द्रव्यांमुळे, आणि त्या पाण्यात लोखंड पडले तर कातड्यावर काळे डाग उठतात. टॅनिन आणि लोह एकत्र आले की न विरघळणारे काळे संयुग तयार होते. हीच क्रिया जेवणावर चहा घेतला असता पोटात घडते. असे बांधले गेलेले लोह आतड्यातून रक्तात शोषले जात नाही, ते शौचावाटे निघून जाते.

घरी खात्री करून पाहावयाची असल्यास मुदत संपलेली रक्तवाढीची एक गोळी कुटून अर्धा कप बिनदुधाच्या चहात टाकावी. चहा पाहता पाहता शाईसारखा काळा होतो. (तो लगेच ओतून द्यावा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.) मेळाव्यात तासभराच्या भाषणाने जे होत नाही ते या एका कपाने होते, असा माझा अनुभव आहे.

१९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी प्रयोगाने दाखवून दिले की, पाव किंवा भात यांच्याबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते, आणि मुख्यतः शाकाहारावर राहणाऱ्यांत त्यामुळे लोहाची कमतरता उद्‌भवू शकते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात पावाच्या जेवणाबरोबर घेतलेल्या काळ्या चहाने लोहशोषणात ७९ ते ९४ टक्के घट झाली. चहात दूध घातल्याने ही घट फारशी कमी झाली नाही. “आमचा चहा दुधाचा असतो, तो बाधत नाही” हा समज म्हणून सोडून द्यावा.

मटण-मासळीतील लोहाचे शोषण चांगले होते आणि त्यावर चहाचा परिणाम कमी होतो. परंतु आपले लोह येते ते भाकरी, डाळ आणि पालेभाजीतून. त्यातील जेमतेम पाच ते दहा टक्केच अंगी लागते. स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, पुरुषाला १९. पावशेर बाजरीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर धनशक्तीतून सुमारे १८ मिलिग्रॅम लोह पोटात जाते, पण रक्तात पोहोचते ते एक-दीड मिलिग्रॅम. त्यावर लगेच चहा घेतला तर त्यातलेही बरेचसे जाते. सन २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के होते. याला एकटा चहा कारणीभूत नाही. अपुरा आहार, पाळीतील जादा रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, जंत ही मोठी कारणे आहेत. परंतु यातील बहुतेक कारणे दूर करण्यास पैसा, दवाखाना किंवा दुसऱ्याची संमती लागते. चहाची वेळ बदलण्यास यातले काहीच लागत नाही.

बायोफोर्टिफाइड बाजरीचा उपयोग होतो, हे आपल्याच राज्यात दिसून आले आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या मुलांना अशा बाजरीच्या भाकरी सहा महिने देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा सुधारला, आणि ज्यांच्यात कमतरता होती त्यांना लाभ अधिक झाला. मग पिकवलेले लोह आपणच का घालवावे?

चहा केव्हा घ्यावा?

उपाय सोपा आहे. जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. ब्रिटनमधील स्त्रियांवर केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या चहाचा दुष्परिणाम बराच कमी आढळला. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. दिवसभरातील कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, अशीही त्यात सूचना आहे. म्हणजे पहाटेचा चहा घेण्यास हरकत नाही, मात्र न्याहारी त्यानंतर तासाने करावी. चहा-चपाती हीच न्याहारी असेल तर ती सवय आधी मोडावी. दुपारची भाकरी एकला झाली तर चहा तीनला घ्यावा. जेवणात लिंबाची फोड, पेरू, आवळा किंवा कच्चा कोबी असावा, कारण ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. रक्तवाढीची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर कधीही घेऊ नये. मळमळत असल्यास रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, आणि तरीही त्रास झाला तर बंद न करता आरोग्य केंद्रात विचारावे. लहान मुलांना चहा देऊच नये. बशीत ओतून दिलेल्या चहाने त्यांची भूक मरते.

साखरेचाही हिशोब करावा. दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दिवसाला पाच कप झाले तर ५० ग्रॅम साखर केवळ चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण शक्यतो २५ ग्रॅमपर्यंत ठेवण्यास सुचविले आहे. गुळाचा चहा पौष्टिक, असे सांगितले जाते, परंतु मधुमेही माणसासाठी गूळ व साखर यांत फारसा फरक नाही. तसेच चहा कढत पिऊ नये. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले आहे. बशीत ओतून निववून पिण्याची जुनी रीत या दृष्टीने चांगलीच म्हणावयाची.

परसबागेतील गवती चहा

दिवसातले दोन कप कमी करावयाचे असल्यास परसात गवती चहा लावावा. हे चहाच्या कुळातले झाड नव्हे, गवत आहे. त्यात कॅफिन नसते व सिट्राल या द्रव्यामुळे लिंबासारखा वास येतो. मात्र त्यात चहाची पूड न घालता नुसती पात व थोडे आले उकळावे, अन्यथा हेतू साध्य होत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीस जुन्या ठोंबाचे फुटवे मुळांसह वेगळे करून दीड ते दोन फूट अंतरावर लावावेत. पाणी साचणारी जागा टाळावी. मोरीचे पाणी जाते त्या बाजूला, पण निचरा असेल तेथे, चार-पाच ठोंब घरास पुरतात. तीन-चार महिन्यांनी जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर पहिली कापणी करावी, नंतर दर दोन-तीन महिन्यांनी. चार-पाच वर्षांनी ठोंब बदलावेत.

गेल्या खरिपात त्याच गावी पुन्हा जाण्याचा योग आला. या वेळी ताटात लिंबाची फोड होती, जेवणानंतर पाण्याचा तांब्या आला, आणि चहा आला तो प्लॉट पाहून परतल्यावर, साडेतीनच्या सुमारास. वहिनी गोळी आता रात्री घेतात. त्यांच्या सासूबाईंनी मात्र आमच्यासमोरच हात धुऊन चहा मागितला. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. मी त्यांना काही बोललो नाही.