विहिरीतला गुळगुळीत पट्टा

प्रश्न : जामसांवलीजवळ संत्र्याच्या बागेत विहीर खोदताना खडकात हातभर रुंद, साबणासारख्या मातीचा उभा पट्टा लागला. ‘ही भूकंपाची भेग’ असं लोक म्हणतात. काम थांबवू का?
– एक शेतकरी

उत्तर : भाऊ, भूकंपाची धास्ती सोडा. खडक सरकताना भरडला जातो, त्या भुग्यात पाणी मुरतं आणि फेल्डस्पारसारख्या खनिजांची हळूहळू चिकणमाती होते. असा पट्टा कोट्यवधी वर्षं जुना आणि आज निपचितही असू शकतो. नुसत्या मातीवरून भूकंपाचं भाकीत करता येत नाही. तुमच्या सौसरकडचे खडक तर फारच जुने, कितीदा तरी दाबले-मुडपलेले.

पट्टा आडवा असता तर बेसाल्टच्या दोन थरांमधली माती म्हटलं असतं. कडेचा खडक धुऊन पाहा. चकचकीत पृष्ठावर एकाच दिशेचे ओरखडे दिसले, तर तो सरकल्याची ती खूण.

माती पाणी अडवते, पण शेजारच्या फुटक्या खडकात ते बरेचदा सापडतं. खरी भीती काठाची. स्मेक्टाइट जातीची माती भिजली की फुगते, मग काठ ढासळतो. भूजलतज्ज्ञाला दाखवून बांधकाम होईपर्यंत विहिरीत कुणालाही उतरवू नका.