सेकंडहँड टेलिलेन्स : आधी दोष ओळखा, मग भाव करा

लेखाच्या नावात 'सेकंडहँड' आणि 'दोष' असे दोन शब्द एकदम आले म्हणून पान उलटू नका! आपण बाईकपासून ड्राफ्टरपर्यंत सगळं सेकंडहँड वापरतो, मग लेन्सनेच काय पाप केलंय? (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'भिंग' म्हणायच्या आधी 'एलिमेंट' तोंडात येतं. तेवढं सांभाळून घ्या.)

झाडाच्या शेंड्यावरचा खंड्या किंवा ग्राउंडच्या पलीकडचा गोलकीपर जवळ आणायचा तर टेलिफोटो लेन्स लागते. एफ/२.८ ची नवी लेन्स आपल्या खिशाला झेपत नाही. जुन्या बाजारात ती मिळते, पण सोबत दोषांची यादीही मिळते. माझं म्हणणं एवढंच की सांगितलेल्या दोषाला घाबरू नका, त्याचा हिशोब करता येतो. घाबरायचं ते न सांगितलेल्या दोषाला. प्रत्येक दोषाला तीन प्रश्न विचारा : तो फोटोत दिसतो का? तो वाढत जातो का? तो दुरुस्त होतो का, आणि केवढ्याला?

ओरखडा आणि धूळ

गिऱ्हाईक सगळ्यात जास्त घाबरतं ते पुढच्या काचेवरच्या ओरखड्याला. जरा गणित करू. २०० मिमी लेन्स एफ/२.८ वर असताना प्रकाश आत येण्याचा व्यास २०० भागिले २.८, म्हणजे साधारण ७१ मिमी. क्षेत्रफळ झालं सुमारे ४००० चौरस मिमी. २० मिमी लांब आणि ०.१ मिमी रुंद ओरखडा २ चौरस मिमी जागा अडवतो, म्हणजे ०.०५ टक्के! शिवाय दूरच्या एका बिंदूकडून येणारा प्रकाश पुढच्या पूर्ण काचेवर पसरतो, त्यामुळे ओरखड्याची रेघ फोटोत उमटत नाही. सूर्य समोर असेल तर थोडी चमक येईल, इतकंच. धुळीचंही तसंच. मागच्या काचेचं मात्र वेगळं आहे. तिथे प्रत्येक बिंदूचा प्रकाश लहान जागेतून जातो, म्हणून तिथला ओरखडा जास्त नडतो.

बुरशी

हा दोष वाढतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरतात. ते प्रकाश विखुरतात आणि फोटो दुधाळ दिसतो. वेळीच साफ केली तर ठीक, पण बुरशीच्या आम्लाने कोटिंग खाल्लं की ते परत येत नाही. अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने तिरका टॉर्च मारून बघा. दिव्याखाली स्वच्छ दिसणारी लेन्स टॉर्चपुढे खरं बोलते.

तिरकं बसलेलं एलिमेंट

लेन्स कधी पडली असेल तर आतलं एलिमेंट किंचित सरकतं. बाहेरून काहीच कळत नाही. लांबची इमारत ट्रायपॉडवरून फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने ठेवून पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो डिझाईनचा स्वभाव. एकच कोपरा मऊ असेल तर नमस्कार करून निघा, कारण ही अलाइनमेंट घरी किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात होत नाही.

माझा हिशोब

अकरावीच्या दोन मुलांच्या ट्यूशनचे पैसे साठवून मी निकॉनची एएफ ८०-२०० मिमी एफ/२.८ डी बघितली, १९९७ साली आलेली दोन रिंगांची. या मॉडेलची ए-एम रिंग, म्हणजे ऑटो आणि मॅन्युअल फोकस बदलणारी रिंग, तडकते हे सर्वांना ठाऊक आहे. लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, बॉडीतली मोटर स्क्रू फिरवून फोकस करते. म्हणून निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेवर आणि झेड बॉडीवर एफटीझेड अ‍ॅडाप्टर लावूनही ऑटोफोकस चालत नाही. माझ्या डी७२०० मध्ये मोटर आहे, त्यामुळे तो प्रश्न सुटला.

विकणारे एक निवृत्त प्रेस फोटोग्राफर काका. त्यांनी आधीच सांगितलं, "बाळ, रिंग तडकलीय, पुढे एक ओरखडा आहे, आत धूळ आहे. बाकी तू बघून घे." चांगल्या लेन्सचा भाव तेव्हा ३२,००० च्या आसपास ऐकला होता, काकांनी २१,००० सांगितले. मुंबईत बोरा बाजारातल्या एका मेकॅनिकने रिंगचा खर्च ४,५०० सांगितला, पार्ट मिळाला तर. म्हणजे ११,००० च्या फरकातून ४,५०० वजा जाता ६,५०० उरतात. ती माझ्या जोखमीची किंमत.

टॉर्चमध्ये बुरशी दिसली नाही, कोपरे सारखे आले. मग ४५ अंशात पट्टी ठेवून तीन मीटरवरून २०० मिमीला फोकस तपासला. या अंतरावर एफ/२.८ ला डेप्थ ऑफ फील्ड जेमतेम अडीच सेंटिमीटर, म्हणजे लपायला जागाच नाही. फोकस खुणेच्या मागे जात होता! लाइव्ह व्ह्यूमध्ये मात्र बरोबर येत होता, म्हणजे काच ठीक, जुळणी चुकलेली. काकांना हे माहीतच नव्हतं. बॉडीतल्या एएफ फाइन ट्यूनने उणे बाजूला सरकवून ते जागेवर आलं. पण एका लेन्सला एकच आकडा देता येतो, त्यामुळे जवळचं जमवताना लांबचं तपासावं लागतं. पट्टीचा फोटो दाखवल्यावर काकांनी स्वतःहून १,००० कमी केले. रिंग 'ए' वर ठेवून इन्सुलेशन टेप लावली आहे, ४,५०० बाजूला ठेवले आहेत.

जाताना हे न्या

टॉर्च, पट्टी, ट्रायपॉड आणि स्वतःचीच बॉडी. अ‍ॅपर्चरची खटकी बोटाने हलवा, पाती टचकन परत आली पाहिजेत. पात्यांवर तेल चमकत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च धरा. आणि घरी आणल्यावर सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर काकांनी वीस वर्षं जपलेली काच आपण एका पावसाळ्यात घालवू.

मशीन डिझाईनमध्ये आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतोच ना? सेकंडहँड बाजारातही तो धरा. बिनदोष वस्तू शोधण्यात वर्ष घालवण्यापेक्षा दोष मोजायला शिकलात, तर फोटो काढायला यंदाच सुरुवात होईल.