कोलकात्यात जेवायला बसण्याआधी

कोलकात्यात स्वस्तात पोटभर जेवता येतं, यात खोटं काही नाही. पण सडर स्ट्रीटवर सॅक टाकून तिथेच आसपास खात राहिलात, तर ते तुम्हाला कधीच कळणार नाही. बॅकपॅकरांची ही जुनी गल्ली. खोल्या त्यातल्या त्यात परवडतात, खाण्याचे दर मात्र परदेशी पाहुण्यांचा खिसा बघून लावलेले. आम्ही दोघं मित्र सुरुवातीला तिथेच नूडल्स आणि पॅनकेक खात होतो. जेवणासाठी बाजूला काढलेले पैसे भराभर आटले.

मग पाइस हॉटेलं सापडली. आपल्या खानावळीसारखीच, फक्त थाळीचा एकरकमी हिशेब नाही. भात, डाळ, भाजी, माशाचा तुकडा, सगळ्याचे पैसे सुटे सुटे. काही ठिकाणी केळीच्या पानाचे आणि लिंबाच्या फोडीचेसुद्धा. कॉलेज स्ट्रीटजवळ भवानी दत्त लेनमध्ये ‘स्वाधीन भारत हिंदू हॉटेल’ आहे, रासबिहारीकडे ‘तरुण निकेतन’. दोन्ही जुनी. वाढपी माशांची नावं धडाधडा म्हणत जातो, तेव्हा भुलू नका. रोहू-कटला खिशाला झेपतात. इलिश किंवा मोठी गलदा कोळंबी सांगितलीत, तर स्वस्त जेवणाची गोष्ट तिथेच संपली. दुपारी उशिरा गेलात तर चांगले मासे उडालेले असतात.

माझा मित्र शाकाहारी. एका ठिकाणी (नाव नको) त्याने बिनधास्त मूगडाळ मागवली आणि वाटीत माशाचं डोकं निघालं. फसवणूक कुणी केली नव्हती. बंगाल्यांची ती आवडती डाळ. दुधीत कोळंबी आणि पालेभाजीत माशाचे काटेही असेच निघतात. म्हणून नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, ‘निरामिष’ म्हणा. मग बहुधा कांदा-लसूणही जातो, ते मात्र सोसावं लागतं.

सकाळी कचोरी आणि बटाट्याची तोरकारी खा. उन्हात भटकताना ठेल्यावरचं सातूचं सरबत भूक चांगली धरतं. बर्फ नको म्हणून सांगायचं, इतकंच. एस्प्लनेडजवळच्या डेकर्स लेनमधलं स्ट्यू-पाव आणि घुगनी चुकवू नका, पण कामाच्या दिवशी जा. ती गल्ली कचेऱ्यांतल्या लोकांवर चालते; आम्ही रविवारी गेलो आणि बंद फळ्या बघून परतलो.

अनोळखी शहरात मी आता एवढंच बघतो: कारकून, हमाल, विद्यार्थी दुपारी कुठे वळतात. हावड्याला गाडीतून उतरल्या उतरल्या ‘चांगलं हॉटेल दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. स्टेशनसमोरच्या घाटावरून फेरीबोटीने पलीकडे जा, टॅक्सीचे पैसेही वाचतील. सुटे पैसे जवळ ठेवा. आणि पान मांडण्याआधी माशाचा भाव विचारायला लाजू नका. तिथे रोज जेवणारे बंगाली बाबूसुद्धा तो विचारूनच बसतात.