विनोद आणि पुरावा : 'द मर्डर ॲट द व्हिकारेज'चा एक अभ्यास

रहस्यकथेतील विनोदाकडे समीक्षा सामान्यतः तोंडीलावणे म्हणून पाहत आली आहे. खुनाच्या भीषणतेवर उतारा म्हणून किंवा दोन उलटतपासण्यांच्या मध्ये वाचकाला विसावा म्हणून तो येतो, अशी समजूत दिसते. 'कोझी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घरगुती वळणाच्या रहस्यकथेबाबत तर ही समजूत अधिकच दृढ आहे. लहानसे गाव, परस्परांना ओळखणारी माणसे, हिंसेचे वर्णन टाळणारे निवेदन आणि पोलिसांबाहेरचा हौशी सत्यशोधक, बहुधा एखादी स्त्री, हे या प्रकाराचे परिचित विशेष होत. अशा कथेत विनोद हा रहस्याच्या रचनेचाच घटक असू शकतो काय, या प्रश्नाचा विचार ॲगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) यांच्या 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' (१९३०) या कादंबरीच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. रहस्यभेद केल्यावाचून ही चिकित्सा शक्य नसल्याने तो येथे केला आहे.

१. व्यक्तिरेखेची पूर्वपीठिका

हौशी स्त्री-सत्यशोधक ही ख्रिस्तींची निर्मिती नव्हे. ॲना कॅथरीन ग्रीन यांच्या 'दॅट अफेअर नेक्स्ट डोअर' (१८९७) मधील अमेलिया बटरवर्थ ही चौकस प्रौढ कुमारिका मिस मार्पलच्या आधीची आहे. मिस मार्पल प्रथम १९२७ मध्ये एका लघुकथेत आली. प्रस्तुत कादंबरी ही तिची पहिली दीर्घ कथा. तिचे बीज 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) मधील कॅरोलाइन शेपर्ड या पात्रात असावे, असे ख्रिस्तींनी आत्मचरित्रात (१९७७) सुचविले आहे. त्या कादंबरीच्या 'ॲलिबाय' (१९२८) या नाट्यरूपांतरात कॅरोलाइनच्या जागी एक तरुण मुलगी आणली गेली, याची त्यांना खंत वाटली होती. रंगभूमीला नकोशा झालेल्या प्रौढ, अविवाहित आणि बोलक्या बाईला मिस मार्पलच्या रूपाने कथेच्या केंद्रस्थानी जागा मिळाली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. १९२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा सुमारे १७ लाखांनी अधिक होती आणि अविवाहित स्त्रीचा उल्लेख 'अतिरिक्त' या विशेषणाने होत होता. प्रौढ कुमारिका हा त्या काळी विनोदाचा तयार विषय होता. ख्रिस्तींनी तो तसाच उचलला आणि त्याचा उपयोग वेगळ्या कामासाठी केला.

२. निवेदक आणि त्याचे हसू

कथेचा निवेदक लेनर्ड क्लेमंट हा सेंट मेरी मीड या खेड्याचा धर्मोपदेशक. त्याची पत्नी ग्रिझेल्डा त्याच्याहून बरीच तरुण आणि गृहकृत्यांत पूर्णतः अनभिज्ञ. मोलकरीण स्वयंपाक बिघडविण्यात तरबेज. चि. वि. जोशी यांच्या चिमणरावाशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला स्वतःच्या फजितीसह घरची हकिगत सांगणारा हा सज्जन गृहस्थ परका वाटणार नाही. मात्र चिमणरावाची फजिती हेच त्या कथांचे प्रयोजन असते. येथे फजितीच्या आडून एक गुन्हा रचला जात असतो.

आरंभीच जेवणाच्या टेबलावर चिवट मांस कापताना क्लेमंट बोलून जातो की, कर्नल प्रोथेरोचा कोणी खून केला तर जगावर उपकारच होतील. या विधानाने दोन गोष्टी साधतात. निवेदक स्वतःच संशयितांच्या यादीत जाऊन बसतो, ही त्यातील गंमत. पुढे त्याच्याच अभ्यासिकेत मरून पडणाऱ्या माणसाविषयी शोक करण्याची जबाबदारी वाचकावरून आधीच उतरते, ही दुसरी आणि अधिक गंभीर बाब. या प्रकाराचा हलकेपणा कोणत्या नैतिक किमतीवर मिळतो, हे येथे स्पष्ट होते.

गावातील स्त्रियांच्या चहापानाचा प्रसंगही असाच दुहेरी आहे. उखाळ्यापाखाळ्या, आडून सूचना, सात्त्विक संताप यांचे चित्रण इतके रंजक आहे की त्यांत मिस मार्पलही वाचकाला एक कुचाळखोर म्हातारीच वाटते. तिला सगळ्यांचे सगळे ठाऊक असते आणि ती नेहमी वाईटच निष्कर्ष काढते, ही ग्रिझेल्डाची तक्रार आपण विनोद म्हणून ऐकतो. तक्रारीचा पूर्वार्ध खरा आहे, आणि या प्रकरणापुरता उत्तरार्धही खरा ठरणार आहे, हे हसण्याच्या भरात निसटते.

३. हास्यस्थाने हेच दुवे

कादंबरीतील कळीचे पुरावे कोठे ठेवले आहेत हे तपासले असता एक सूत्र हाती येते. ते बहुतांशी हास्यस्थानीच आहेत.

पहिले उदाहरण घड्याळाचे. खुनाच्या जागी उलटलेले घड्याळ ६ वाजून २२ मिनिटांवर थांबलेले सापडते. ते पाव तास पुढे ठेवलेले असते, हे सांगण्याचा क्लेमंट प्रयत्न करतो. पण इन्स्पेक्टर स्लॅक त्याला बोलूच देत नाही आणि नंतर ही माहिती आधी का दिली नाही म्हणून त्यालाच दोष देतो. उतावळ्या अधिकाऱ्याचे हे प्रहसन आहे. पण तपास चुकीच्या वाटेने जाण्याचे ते एक कारणही आहे. ऐकून न घेणे हा या कादंबरीतील ज्ञानविषयक दोष होय.

दुसरे उदाहरण दगडाचे. लॉरेन्स रेडिंग हा तरुण चित्रकार रानातून मोठा दगड घेऊन येतो आणि मिस मार्पलच्या बागेसाठी तो आणल्याचे सांगतो. म्हातारीचे बागवेड आणि तरुणाचे सौजन्य यांची ही गोड गंमत वाचक सोडून देतो. दगड आपल्या बागेच्या जातीचा नाही, हे मात्र त्या बागवेडीलाच कळते आणि तेथून बंदुकीच्या बनावट आवाजाचा उलगडा सुरू होतो.

सर्वांत मार्मिक उदाहरण तिसरे. कर्नलची पत्नी ॲन खुनाच्या सुमारास मिस मार्पलच्या बागेवरून जाते. तिच्या हाती पर्स नव्हती आणि अंगासरशी बसणाऱ्या पोशाखात पिस्तूल लपविणे शक्य नव्हते, ही मिस मार्पलची साक्ष पोलीस ॲनच्या बाजूने धरतात. वस्तुतः मिस मार्पल बागेतून सगळ्यांवर नजर ठेवते, ही गावाच्या थट्टेची बाब ॲन आणि तिचा प्रियकर रेडिंग यांनी कटात गृहीत धरलेली असते. पिस्तूल आधीच अभ्यासिकेतील कुंडीत ठेवलेले असते. पुरुष अधिकाऱ्यांना पर्स नसणे म्हणजे शस्त्र नसणे एवढेच दिसते. बाईने पर्सवाचून बाहेर पडणे हेच मुळी अस्वाभाविक, हे मिस मार्पलला दिसते. साक्षीदार म्हणून वापरली गेलेली स्त्री स्वतःच्या साक्षीचा अर्थ लावू लागते, तेथे कट कोसळतो.

४. आप्त कोण?

भारतीय न्यायदर्शनाच्या परिभाषेत बोलायचे तर ही कादंबरी शब्दप्रमाणाविषयी आहे. आप्ताचे, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीचे, वचन प्रमाण मानावे. परंतु आप्त कोणाला म्हणावे? सेंट मेरी मीडमध्ये हा मान पद, पुरुषत्व आणि गणवेश यांना मिळतो. मिस मार्पलची विचारपद्धती मात्र शिस्तबद्ध आहे. नव्या घटनेशी ती गावातील एखादा क्षुल्लक, पाहिलेला प्रसंग ताडून पाहते. पंचावयव वाक्यातील 'उदाहरण' आणि 'उपनय' या पायऱ्यांशी हे जुळते. फरक एवढाच की तिची उदाहरणे नोकरचाकर, दुकानदार आणि शेजारणी यांच्या जगातली असल्याने श्रोत्यांना ती असंबद्ध वाटतात. तिचा कादंबरीकार भाचा रेमंड वेस्ट याला हे गाव साचलेल्या डबक्यासारखे वाटते. डबक्याच्या थेंबातच सर्वाधिक जीव वळवळत असतात, हे तिचे उत्तर तिच्या ज्ञानदृष्टीचे सार आहे.

यावरून कादंबरी गावगप्पांचा गौरव करते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. याच गप्पा ग्रिझेल्डाविषयी अकारण संशय पसरवितात. इतर स्त्रिया ऐकतात आणि पुढे सांगतात. मिस मार्पल ऐकते, पडताळते आणि थांबते. भेद या पडताळणीत आहे.

५. निरागसतेचा प्रश्न

डब्ल्यू. एच. ऑडन यांनी 'द गिल्टी व्हिकारेज' (१९४८) या निबंधात असे प्रतिपादन केले की, रहस्यकथेत निरागस समाज खुनाने भंगतो आणि सत्यशोधक ती निरागसता परत मिळवून देतो. प्रस्तुत कादंबरीस हे सूत्र पूर्णपणे लागू पडत नाही. मिस मार्पल सात संभाव्य संशयित मोजू शकते. म्हणजे हे गाव निरागस कधीच नव्हते. विनोदाने ते आपल्याला पहिल्या पानापासून सांगितलेले असते, आपण ते हसण्यावारी नेलेले असते.

विनोद कोठे थांबतो हेही पाहण्यासारखे आहे. खुनाचे बालंट हॉझ या दुबळ्या, मनाने आजारी सहायक धर्मोपदेशकावर ढकलून त्याला विषारी मात्रेने संपविण्याचा डाव उघड होतो, तेव्हा निवेदनाचा सूर बदलतो. गुन्हा हा रोग आहे, फाशी हा रानटीपणा आहे, असे आधी म्हणणारे डॉ. हेडॉक आता संतापतात. कर्नलसाठी न वाटलेली करुणा हॉझच्या वाट्याला येते. आरंभी उतरलेली नैतिक जबाबदारी वाचकाच्या खांद्यावर अशी परत येते. पात्रांची आणि उपकथानकांची गर्दी हा या कादंबरीचा दोष खुद्द लेखिकेनेही पुढे मान्य केला. पण हॉझचे उपकथानक त्या गर्दीत मोडत नाही.

६. समारोप

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळा पहाड आदी नायकांमुळे रहस्यकथा म्हणजे साहसकथा असे समीकरण मराठी वाचकांच्या मनात दीर्घकाळ राहिले. बसल्या जागी पाहणारी, विणकाम करणारी, बोलत राहणारी स्त्री त्या समीकरणात बसत नाही. पाणवठ्यावरच्या आणि माजघरातल्या बोलण्याला 'बायकी गप्पा' म्हणून बाजूला सारण्याची सवय मात्र आपल्याही परिचयाची आहे. अशा बोलण्यात समाजाविषयीचे कोणते ज्ञान साठलेले असते आणि विनोद ते उघड करतो की झाकतो, हा प्रश्न मराठी विनोदी गद्याच्या अभ्यासकांनीही विचारावयास हवा.

कादंबरीच्या अखेरीस खटल्याचे श्रेय इन्स्पेक्टर स्लॅकला मिळते. मिस मार्पलचा उल्लेखही होत नाही, आणि झाला असता तर तिलाच ते भयंकर वाटले असते, असे निवेदक सांगतो. वाचक येथेही हसतो. पण आतापर्यंतच्या विवेचनावरून या हास्यस्थानीही एक पुरावा ठेवला आहे हे ध्यानात यावे. खुनाचा निकाल लागला आहे. आप्त कोण याचा निकाल सेंट मेरी मीडने अजून बदललेला नाही.